पाळण्याची तुळई

एका टेबलासाठी मी चार दिवस श्रीरामपूरला जाऊन राहिले, हे सांगितलं की पुण्यातले लोक हसतात. मोबाईलवर बोट टेकवलं तर दोन दिवसांत टेबल दारात येतं, हे मलाही माहीत आहे. तसलंच आणलं असतं तर ही गोष्ट घडली नसती आणि हे लिहायलाही मी बसले नसते.

आई गेल्यावर मी घर बदललं. अकरा वर्षं तिचं आजारपण आणि माझी विमा कचेरीतली नोकरी त्या जुन्या घरातच झाली होती. ती गेल्यावर तिथं राहवेना. सामान हलवताना प्लायवूडचं कपाट उचललं तर त्याचा तळ हमालाच्या हातात आला. आत नुसता फुगलेला भुसा. भंगारवाल्यानंही ते नेलं नाही. शेवटी कचऱ्याच्या गाडीवाल्यांनी हातोड्यानं फोडून भरलं. ते बघत उभी असताना मी ठरवलं, नव्या घरात नवीन वस्तू आणायची नाही. जे आणायचं ते आधी कुणीतरी वापरलेलं, आणि माझ्यानंतर कुणाला तरी वापरता येईल असं.

पडदे आईच्या साड्यांचे शिवले. भांडी जुन्या बाजारातून आली. टेबल तेवढं राहिलं. गुडघ्यांमुळे मला खाली बसता येत नाही, म्हणून आठ महिने मी ओट्याशी उभ्यानं जेवत होते. कचेरीतल्या एका मैत्रिणीचं सासर श्रीरामपूरचं. ती म्हणाली, "तिकडे शांतवन मिस्त्री म्हणून आहेत. पाडलेल्या घरांच्या लाकडाचं काम करतात. पण फोनवर काही ठरवत नाहीत, जावं लागेल." जानेवारी होता, थंडी चांगली होती, आणि मी कधी परत येणार हे विचारणारं घरी कुणी नव्हतं. निघाले.

श्रीरामपूर, पहिला दिवस

राहुरीपासून पुढे रस्ता उसाचा. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रेलर, वर लादलेला ऊस हलत असतो आणि बसमधले लोक त्या मोळ्यांखाली आपण सापडणार नाही एवढ्याच बेतानं श्वास घेतात. श्रीरामपूरला उतरले तेव्हा चार वाजले होते.

लॉजवरच्या माणसानं रजिस्टर पुढे सरकवत विचारलं, "एकट्याच?"

"हो."

"कुणी येनार हाय का मागून?"

"नाही."

"मग इथं काय काम काढलं?"

पुण्यात असं कुणी विचारत नाही. आमच्या इमारतीत माझ्या वरच्या मजल्यावर कोण राहतं ते मला माहीत नाही, आणि त्यांनाही माझं नाही. इथं स्टँडपासून लॉजपर्यंत तीन जणांनी मला हाच प्रश्न विचारला होता. पहिल्यांदा राग आला. नंतर लक्षात आलं की आठवडाभरात माझ्याशी कुणी एवढंही बोललं नव्हतं.

शांतवन मिस्त्रींचं दुकान रेल्वेलाइनच्या पलीकडे. दुकान म्हणजे पत्र्याची शेड आणि शेडभर लाकूड: दाराच्या चौकटी, खांब, जिन्याच्या पायऱ्या, एका पाडलेल्या शाळेचे बाक. मिस्त्री साठीचे, सडपातळ, कानावर पेन्सिल. माझं बोलणं त्यांनी रंधा न थांबवता ऐकलं.

"किती मान्सांचं टेबल?"

"एका. फार तर दोन."

रंधा थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण पुढे काही विचारलं नाही. म्हणाले, "ताई, ह्यातलं काहीबी तुमाला चालंल. पर उद्या देवळालीला एक घर उतरवतायत, त्यातली सागाची तुळई बघायला मी चाललोय. संग चला. ज्याच्यावर रोज हात टेकायचा ते लाकूड आधी जागेवर असताना बघावं."

त्यांच्या बायकोनं, रूथबाईंनी, मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. हुलग्याचे शेंगोळे होते, लसणाचा ठसका लागेल असे. मी भाकरीचा तुकडा मोडून रश्श्यात बुडवत होते. त्यांनी माझ्या ताटातली भाकरी सरळ उचलली, कुस्करली, वर रस्सा ओतला आणि ताट परत माझ्यापुढे ठेवलं. "असं खायचं, ताई. बुडवून बुडवून कवा पोट भरायचं?" बोलून झाल्यावर त्या स्वतःच लाजल्या. मी मान खाली घालून खात राहिले. दुसऱ्यानं कालवलेलं अन्न मी कित्येक वर्षांनी खात होते.

देवळाली प्रवरा, दुसरा दिवस

सकाळी मिस्त्रींच्या टेम्पोतून निघालो. गावाबाहेर, उसाच्या दोन फडांमध्ये ते घर होतं. खरं तर दोन घरं. मागे नवं, भिंती पुऱ्या झालेल्या, वर फळ्यांची सेंट्रिंग ठोकून लोखंडी सळयांची जाळी बांधलेली. उद्या स्लॅब पडणार होता. पुढे जुनं, मातीचं माळवद असलेलं. त्याच्या छपराची माती आणि बारीक लाकडं उतरवून झाली होती. दोन जाड भिंतींवर तेवढी मधली तुळई राहिली होती, छताचा सगळा भार जिनं इतकी वर्षं पेलला ती. वर सरळ आभाळ दिसत होतं.

घराचे मालक दत्तात्रय, चाळिशीचे, बागायतदार. ते आम्हाला बघून धावतच आले. चेहरा ओशाळलेला.

"मिस्त्री, जरा थांबावं लागंल. आत्या उठंना."

बिनछपराच्या त्या खोलीत, बरोबर तुळईच्या खाली, एक बाई सुपात तूर निवडत बसली होती. सत्तरीच्या आसपास, अंगानं बारीक, नऊवारी. भिंतीला टेकून चार मजूर बिड्या ओढत उभे होते. बाई कुणाशी भांडत नव्हती, रडत नव्हती. खडा सापडला की बाजूला टाकत होती.

"माझी आत्या, सुमनआत्या," दत्तात्रय हळू आवाजात म्हणाले. "लग्नानंतर वर्सात परत आली ती इथंच ऱ्हायली. आमाला समद्यांना तिनंच सांभाळलं. कालपासून बसलीय. काय पायजे ते बी सांगत न्हाई."

मिस्त्री माझ्याकडे वळले. "तोवर तुमी लाकूड बघून घ्या."

मी गुडघे सांभाळत भिंतीच्या पडक्या भागावर चढले. तुळईवर हात ठेवला. उन्हानं ती कोमट झाली होती. धुरानं काळी, पण जिथं हात फिरला तिथं खालून मधासारखा रंग. बारा फूट लांब, कुठं चीर नाही. मला ती लगेच हवीशी वाटली. इतकी, की तिच्याखाली एक माणूस बसलं आहे हे क्षणभर विसरायला झालं. तळहात पुढे सरकवला आणि लाकडाची एक बारीक ढलपी कचकन आत शिरली.

"आई गं!"

आत्यांनी वर बघितलं. सूप बाजूला ठेवलं. "खाली ये. दाव."

कालपासून न उठलेली बाई माझा हात बघायला उठली, पण परत तिथंच बसली आणि मला समोर बसवलं, एका उलट्या पाटीवर. कमरेच्या पिशवीतून सुई काढली, माझा तळहात मांडीवर पालथा-उलथा करून उजेडात धरला.

"पुन्याची व्हय?"

"हो."

"लाकूड न्यायला आलीस?"

"हो. टेबल करायचंय. जेवायचं."

"कोन कोन जेवनार त्यावर?"

"मी."

"आनि?"

"मीच."

सुई थांबली. मग परत चालू झाली. त्यांचे हात खरखरीत होते पण सुई लागत नव्हती. आईनंतर माझा हात इतका वेळ कुणी धरला नव्हता. ढलपी लवकर निघू नये असं मला वाटत होतं, आणि या वयात असं वाटावं याची लाज वाटत होती.

"वर बघ," त्या म्हणाल्या. "कड्या दिसत्यात?"

तुळईच्या पोटात दोन लोखंडी कड्या होत्या, हातभर अंतरावर. मी चढले होते तेव्हा वरून त्या दिसल्या नव्हत्या.

"पाळन्याच्या. आमच्या भावाची चार, मग त्यांची लेकरं. ह्यो दत्तू बी त्यातच. मोजली तर अकरा लेकरं झुलवली म्या ह्या तुळईला. एक बी माझं न्हाई."

हे त्यांनी तूर निवडावी तसं सांगितलं. ढलपी निघाली. त्यांनी चुलीजवळच्या डब्यातली हळद मागवली, ती दाबून भरली आणि माझी मूठ मिटवून माझ्याच मांडीवर ठेवून दिली.

मी बाहेर आले आणि मिस्त्रींना म्हटलं, "मला ही तुळई नको."

"ताई, तुमी न्हाई नेली म्हनून ती ऱ्हात न्हाई. कुनी हॉटेलवाला नेईल, तिला पॉलिश मारून दारात ठेवंल शोभेला."

"पण त्यांना ती सोडवत नाहीये."

"मग त्यांना काय पायजे ते इचारा की. मी इचारलं तर म्हनतील मिस्त्री धंद्यासाठी इचारतो."

दत्तात्रय शेजारीच उभे होते. वैतागून म्हणाले, "म्याडम, तुमाला शेरात जुनं चांगलं वाटतं. पावसाळ्यात हितं झोपून बघा. माती गळायची, वरून इंचू पडायचे अंगावर. माझ्या धाकट्याला चावलाय एकदा, नगरला पळवत नेला. मी काय आत्याच्या वाईटावर हाय का? नव्या घरात तिला खोली काढलीय. फॅन बसवनार हाय."

ते खरं बोलत होते. जुन्या घरात मी पाच मिनिटं बसले होते, त्यांनी विंचू झेलले होते. 

परत आत जाऊन आत्यांपुढे त्या पाटीवर बसले. सरळ विचारलं, "आत्या, तुम्हाला काय हवंय?"

त्यांनी वर तुळईकडे बघितलं. मग म्हणाल्या, "कड्या."

"काढून देतील की मिस्त्री."

"काढून काय करू? पेटीत ठिवू? नव्या घरात लावा म्हनावं. घराला कड्या असाव्या. कड्या न्हाईत ते घर कसलं."

दारात उभ्या दत्तात्रयांनी ते ऐकलं. त्यांचं तोंड उघडं राहिलं. "येवढंच? आगं मग बोलायचं की दोन दिस!"

"तू इचारलं कुठं? उठ उठ म्हनत हुतास."

"आता लेकरं कुठं हायती पाळन्यात घालायला? माझी तिन्ही शाळंत गेली."

आत्यांनी सूप परत मांडीवर घेतलं. खडे शोधू लागल्या. ही गोष्ट इथंच संपणार हे दिसत होतं. सगळे हसतील, कड्या पेटीत जातील, आत्या उठतील.

मी म्हटलं, "दत्तात्रय, स्लॅब उद्या आहे ना? काँक्रीट पडलं की मग कड्या बसवता येणार नाहीत. आजच सळयांना बांधाव्या लागतील. अजून वेळ आहे." आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. परक्या घरात, परक्या माणसांवर मी असा आवाज कधी काढला नव्हता. मजूर माझ्याकडे बघू लागले.

दत्तात्रयांनी एकदा आत्यांकडे बघितलं. मग त्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि सेंट्रिंगच्या मिस्त्रीला फोन लावला. तो दुसऱ्या कामावर होता, येत नाही म्हणाला. दत्तात्रयांनी त्याला ज्या शब्दांत बोलावलं ते इथं लिहिण्यासारखे नाहीत.

कड्या सहज निघाल्या नाहीत. शांतवन मिस्त्रींनी रॉकेल सोडलं, छिन्नीनं भोवतालची काजळी खरवडली, तासाभरानं एकेक दांडा सुटला. हातात घेतल्यावर दिसलं, पाळण्याच्या दोऱ्या घासून घासून दोन्ही कड्या एका बाजूनं निम्म्या झिजल्या होत्या. दुपारी सेंट्रिंगवाला वेल्डिंगचं यंत्र घेऊन आला आणि बघून म्हणाला, "ह्या वजन धरायच्या न्हाईत."

"फिरवून लावा," शांतवन मिस्त्री म्हणाले. "झिजलेली बाजू वर, जाड बाजू खाली. अजून पन्नास वर्सं."

ऊन उतरायच्या आत पुढच्या पडवीच्या जागी कड्यांचे दांडे सळयांना पक्के झाले, आणि खालच्या फळीला भोकं पाडून कड्या खाली सोडल्या. आत्या शिडीखाली उभं राहून बघत होत्या. मान मागे टाकून, एक हात कपाळावर धरून. जुन्या घरात मजुरांनी तुळई दोरांवर उतरवली तेव्हा त्यांनी तिकडं वळूनही बघितलं नाही.

शांतवन मिस्त्री म्हणाले, "आत्या, ह्याच तुळईची फळी काढून झोपाळा करून देतो. बसायला."

"कुनाला?"

"तुमाला."

"मी बसू?" आत्यांनी तोंडाला पदर लावला. हसत होत्या. "मी झुलवनारी. मला सवं न्हाई बसायची."

देवळाली प्रवरा, तिसरा दिवस

स्लॅबच्या दिवशी मला काही काम नव्हतं. तरी तुळई आणायला निघालेल्या मिस्त्रींच्या टेम्पोतून गेले. लॉजच्या खोलीत बसून करणार काय? मिक्सरच्या घरघरीत कुणाला कुणाचं ऐकू येत नव्हतं. आत्यांनी मला चुलीशी बसवलं, म्हणजे स्टुलावर. मजुरांसाठी बाजरीच्या भाकऱ्या थापल्या जात होत्या. मी एक थापायला घेतली, ती तव्यावर टाकताना दुमडली. बायका मनमोकळ्या हसल्या आणि ती भाकरी मलाच वाढली. दुपारी दत्तात्रयांनी हुरडा भाजायला लावला. ताटातले दाणे माझ्या ओंजळीत ओतत म्हणाले, "गंमत बघा म्याडम, तुमी जुनं न्यायला इतक्या लांब आल्या, आन आमी नवं करायला जिवाचं रान केलं."

"कोण बरोबर?" मी विचारलं.

"पावसाळ्यात मी, उन्हाळ्यात तुमी," ते म्हणाले.

निघताना आत्या फाटकापर्यंत आल्या. त्यांनी माझी मूठ उघडून तळहात बघितला, हळद उडाली होती, जखम मिटली होती. "बरं झालं," म्हणाल्या. "मग आता कशाला येशील."

बोलून त्या चुलीकडे वळल्या. टेम्पोत मिस्त्री काहीतरी उसाच्या भावाबद्दल बोलत होते. मी हं हं करत होते.

श्रीरामपूर, चौथा दिवस

तुळई कापायला करवतीच्या गिरणीत नेली. पट्ट्याची करवत एका कडेनं शिरली, आणि अर्ध्यावर कर्कश आवाज होऊन ठिणग्या उडाल्या. आत, कुणाला माहीत नसलेला, खिळा. करवतीचे दात गेले. गिरणीवाला चिडला, शांतवन मिस्त्री शांतपणे खाली बसले आणि पोलादी सळीनं लाकूड ठोकत, कान लावत पुढचे खिळे शोधू लागले. सात निघाले. त्यात अर्धा दिवस गेला.

मग करवत शेवटपर्यंत चालली आणि तुळई दोन भागांत उघडली. बाहेरून काळं असलेलं ते लाकूड आतून इतकं उजळ होतं की मी मागे सरकले. साग इतक्या वर्षांनीही तेलकट, ओला वास देत होता. मिस्त्रींनी पहिला भाग बाजूला काढला. "हा आत्याचा." दुसऱ्यावर पेन्सिलनं माझं नाव लिहिलं. कड्यांची भोकं माझ्या भागात आली होती.

"भरून टाकू, का ठेवू?" त्यांनी विचारलं.

"ठेवा."

पुणे

टेबल पाच आठवड्यांनी आलं. दोन माणसांनी ते तिसऱ्या मजल्यावर चढवलं, पाणी प्यायले आणि गेले. खोलीत ते फार मोठं दिसत होतं. पहिले दोन दिवस मी त्यावर काहीच ठेवलं नाही. तिसऱ्या दिवशी वरण सांडलं, ते पुसलं, आणि मग ते माझं झालं.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी दत्तात्रयांचा फोन आला. स्लॅबखालची सेंट्रिंग कधीच निघाली होती, मिस्त्री आज येऊन झोपाळा टांगून गेले होते. "आत्याला बोलायचंय," ते म्हणाले, आणि फोन कुणाच्या तरी हातात गेला.

"आत्या?"

पलीकडून कुणी बोललं नाही. आधी वाटलं फोन कटला. मग ऐकू आलं, लोखंडावर लोखंड घासल्याचा बारीक आवाज. थांबून. परत. कुणीतरी जमिनीला पाय लावून हळूच रेटा देत होतं.

"आत्या, बसलात?"

"व्हय," त्या म्हणाल्या. एवढंच.

मी खुर्चीवर बसले.  आवाज येत-जात राहिला. लांब कुठंतरी म्हैस ओरडली, कुणी तरी भांडी घासत होतं.

थोड्या वेळानं दत्तात्रयांचा आवाज आला. "म्याडम, तिला फोनवर बोलायची सवं न्हाई. ठिवू का?"

"नका ठेवू," मी म्हटलं. "त्यांच्याजवळ राहू द्या. थोडा वेळ तसाच राहू द्या."